बर्फाच्या जाडीप्रमाणे हंगामाची नोंद: पहिल्या 4 इंचांपासून सुट्या कांड्यांपर्यंत

गोठलेल्या तळ्यावरच्या मासेमारीची वही तारखेवार लिहिली की पुढच्या हिवाळ्यात तिचा फारसा उपयोग होत नाही. एका वर्षी तळं लवकर गोठतं, दुसऱ्या वर्षी तीन आठवडे उशिरा, आणि मागच्या वर्षीच्या 'चांगल्या' तारखेला यंदा उघडं पाणी असतं. मासा कुठे असेल हे ठरतं ते डोक्यावरच्या बर्फावर, त्या बर्फावरच्या हिमावर आणि खाली उरलेल्या ऑक्सिजनवर. म्हणून इथे जाडी मथळ्यात आहे. तारीख ज्याने त्याने समासात लिहावी.

मराठीत दोन्हीला बर्फच म्हणतात, त्यामुळे नोंदीत घोटाळा होतो. इथे 'बर्फ' म्हणजे तळ्यावरचा गोठलेला थर आणि 'हिम' म्हणजे आभाळातून पडलेलं. वहीतही दोन वेगळे रकाने ठेवा.

0 ते 4 इंच

पाणी 4 अंश सेल्सियसला सगळ्यात जड असतं. शरद ऋतूत वरचं पाणी थंड होऊन खाली बसत राहतं. सगळं तळं 4 अंशांजवळ आलं की त्याहून थंड पाणी हलकं असल्याने वरच तरंगतं आणि गोठतं. म्हणजे बर्फाच्या पोटाला टेकलेलं पाणी 0 अंश आणि तळाशी 4 च्या आसपास. उन्हाळ्याचं चित्र उलटं झालं, हे पक्कं डोक्यात बसलं की पुढचं बरंच उलगडतं.

जायचं कधी, याचा अंदाज घरबसल्या बांधता येतो. तळं पूर्ण मिटल्यापासून रोजचं सरासरी तापमान शून्याखाली किती अंश होतं ते मिळवत जा. बेरजेचं वर्गमूळ काढून 2.7 ने गुणलं की हिम नसलेल्या, वारा लागणाऱ्या तळ्यावरची जाडी सेंटिमीटरमध्ये मिळते. सरासरी उणे 5 चे तीन दिवस म्हणजे बेरीज 15, वर्गमूळ 3.9, जाडी साधारण 10 सेंटिमीटर, म्हणजेच 4 इंच. हिम पडलेलं असेल तर गुणक 1.7 ते 2.4 धरायचा, कारण हिम गोधडीसारखं काम करतं आणि खालचा बर्फ वाढू देत नाही. वर्गमुळाचा अर्थ असा, की जाडी दुप्पट व्हायला थंडी चौपट लागते. मधल्या हंगामात बर्फ 'वाढतच नाही' असं वाटतं ते यामुळे.

हा हिशोब फक्त घरातून निघायचं की नाही एवढं ठरवायला. बर्फावर गेल्यावर पहार. चार-पाच फुटांची, टोकाला छिन्नीसारखी धार असलेली, मुठीला दोरीचा फास. पुढचं पाऊल जिथे पडणार तिथे दोन जोरदार घाव घालायचे. आरपार गेली किंवा घावाला पाणी वर आलं, तर आलेल्या पावलांवरूनच मागे फिरायचं. दर 150 फुटांवर एक छिद्र पाडून जाडी मोजायची. ओढ्याचं मुख, झरे, पुलाखालची जागा आणि लव्हाळ्याचे पट्टे इथे शेजारच्या 5 इंचांवर विसंबून चालत नाही.

अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्याच्या नैसर्गिक संसाधन विभागाच्या तक्त्यात पायी चालायला 4 इंच आणि स्नोमोबाइलला 5 ते 7 इंच दिले आहेत. हे आकडे नव्या, पारदर्शक बर्फाचे आहेत. खालचं पाणी दिसत असल्याने तो काळा भासतो. हिम भिजून गोठलेला पांढरा बर्फ साधारण निम्म्या ताकदीचा, म्हणून तिथे आकडा दुप्पट धरा. छिद्राची कड नीट पाहिली तर दोन्ही थर वेगळे दिसतात. वहीत '6 इंच' असं लिहू नका, '4 काळा, 2 पांढरा' असं लिहा.

गळ्यात बर्फाचे दाभण हवेतच: दोन लाकडी मुठी, प्रत्येकीत टोकदार खिळा, मध्ये दोरी. बॅगेत ठेवलेले दाभण असून नसल्यासारखे. पाण्यात पडल्यास पहिलं मिनिट फक्त श्वास ताब्यात आणायचा. हातपाय कामाचे राहतात ते साधारण 10 मिनिटं. थंडीने शुद्ध जायला तासभर लागू शकतो. कॅनडाचे प्राध्यापक गॉर्डन गीसब्रेख्त यांनी 1-10-1 म्हणून रूढ केलेला हा नियम घाबरण्यापासून वाचवतो. ज्या दिशेने आलात तिकडे तोंड करा, कारण तिथल्या बर्फाने तुमचं वजन पेललेलं असतं. दाभण रोवून, पाय मारत, आडवं होऊन बाहेर या आणि लोळत दूर जा. उभं राहायचं नाही.

मासे या काळात उथळात, 5 ते 10 फुटांत असतात, पण फक्त हिरव्या पाणवनस्पतींजवळ. जिगला, म्हणजे वजन बसवलेल्या छोट्या गळाला, अडकून वर आलेलं पान तपकिरी, लिबलिबीत असेल तर पुढे सरका.

5 ते 10 इंच

हंगामाचा गाभा हाच. बर्फ भरवशाचा, हिम थोडं, ऑक्सिजन भरपूर.

छिद्र पर्च, ब्लूगिल, क्रॅपी या लहान माशांसाठी 6 इंची आणि पाइक या मोठ्या शिकारी माशासाठी 8 ते 10 इंची. व्यास वाढला की कापायचा बर्फ वर्गाच्या पटीत वाढतो. 8 इंची छिद्राला 6 इंचीच्या पावणेदोन पट मेहनत पडते, म्हणून लहान माशांसाठी मोठा ऑगर नेऊ नका. ऑगर म्हणजे मोठं गिरमिटच, आणि धारेचे नियमही तेच: किनाऱ्याजवळच्या वाळूमिश्रित बर्फात एकच छिद्र पाडलं तरी पाती जातात. जुन्या, अर्धवट गोठलेल्या छिद्रात ऑगर घातला तर पातं कडेला अडकून मनगटाला झटका बसतो. तिथे पहार वापरा. ड्रिलवर ऑगर लावत असाल तर वर रुंद चकती हवीच, नाहीतर ड्रिलचा जबडा (चक) सैल झाला की ऑगर थेट तळाला. बॅटरी वापरेपर्यंत आतल्या खिशात ठेवा. लिथियम बॅटरी शून्याखाली चार्ज करू नका, ती कायमची खराब होते.

छिद्र झालं की झाऱ्याने चुरा काढायचा. वर दोन बोटं चुरा मुद्दाम ठेवला तर उजेड आत जात नाही आणि उथळातला मासा बिचकत नाही. खोल पाण्यात याची गरज पडत नाही.

दोरी 2 ते 4 पौंड ताण पेलणारी मोनोफिलामेंट, म्हणजे एकाच धाग्याची. विणलेली दोरी पाणी शोषते आणि रॉडच्या कड्यांत बर्फाचे मणी धरते. ती तंबूच्या उबेत ठीक, उघड्यावर नाही. रील नवं असेल तर आतलं ग्रीस पुसून पातळ तेल घाला. उणे 15 ला ग्रीस मेणासारखं होतं आणि हँडल फिरेना झालं की दोष दोरीला दिला जातो.

जिग टंगस्टनचं. शिशाची घनता 11.3 आणि टंगस्टनची 19.3, त्यामुळे तेवढ्याच वजनाचं जिग बरंच लहान होतं आणि झपकन खाली जातं. 4 मिलिमीटरचं जिग उथळात, 5 चं 20 फुटांच्या पुढे. हलकं जिग खोलात दोरीचे वेटोळे सरळ करू शकत नाही आणि मग चावा कळतच नाही.

सगळ्यात जास्त मासे हुकतात ते गाठीमुळे. आडवं जिग पाण्यात आडवंच लोंबलं पाहिजे. मासा ओढताना गाठ जिगच्या कडीच्या (दोरी बांधायच्या भोकाच्या) पुढच्या टोकाला सरकते आणि जिग नाक वर करून तिरकं लोंबतं. मासा काढल्यावर जिग डोळ्यांसमोर धरा, नखाने गाठ कडीच्या माथ्यावर आणा, सोडून पाहा, समतोल झालं की मगच खाली. पाच सेकंदांचं काम आहे. मघाशी घेणारे मासे अचानक जवळ येऊन परतायला लागले, तर रंग बदलण्याआधी गाठ बघा. दुसरं कारण दोरीचा पीळ: जिग स्वतःभोवती फिरत असेल तर मासा तोंड लावत नाही. सरळ गुंडाळणाऱ्या रीलवर हा पीळ जवळजवळ पडत नाही.

रॉडच्या टोकावरची, चावा दाखवणारी स्प्रिंग जिगच्या वजनाने किंचित वाकलेली असावी, पूर्ण खाली नाही. क्रॅपी खालून येऊन वर उचलते, तेव्हा स्प्रिंग खाली ओढली न जाता सरळ होते. फक्त खालच्या झटक्याची वाट पाहणाऱ्याच्या हातून निम्मे चावे जातात.

पाइकसाठी टिप-अप, म्हणजे छिद्रावर ठेवायचं झेंड्याचं साधन: रिळ पाण्याखाली असल्याने गोठत नाही, मासा पळाला की झेंडा उठतो. 20 ते 30 पौंडांची डॅक्रॉन (पॉलिएस्टर) दोरी, पुढे दातांनी न तुटणारा तारेचा लीडर, म्हणजे गळाआधीचा तुकडा. एका माणसाला किती दोऱ्या चालतात हे प्रत्येक प्रदेशात वेगळं. मिनेसोटात बर्फातून दोन.

12 ते 20 इंच, वर हिम

इथे बहुतेकांची वही कोरी राहते. जागा चुकते, दुसरं काही नाही. काही इंच हिम साचलं की खाली अंधार होतो, वनस्पती ऑक्सिजन बनवणं थांबवतात आणि मेलेल्या वनस्पती कुजताना उरलेला खातात. उथळ खाड्या आधी ओस पडतात. ब्लूगिलला कमी ऑक्सिजन झेपत नाही. पर्च आणि पाइक त्यामानाने तग धरतात. उथळ तळ्यात हे टोकाला गेलं तर मासे सामूहिक मरतात.

मग शोध घ्यायचा तो तळ्याच्या मधल्या खोलगट भागात, विशेषतः कठीण तळ संपून चिखल सुरू होतो त्या रेषेवर. चिखलात डासमाश्यांच्या लाल अळ्या असतात आणि पर्च त्या उकरून खाते. तळाला जिग टेकवा, एक इंच उचला, पुन्हा टेकवा. चिखलाचा ढग उठला पाहिजे. रेषेला काटकोनात दहा-बारा छिद्रं एकदमच पाडा आणि प्रत्येकाला पाच मिनिटं द्या. एका छिद्रावर तासभर बसणं ही इथली सर्वात महागडी सवय.

सोनारचा (ध्वनिलहरींनी मासा दाखवणाऱ्या यंत्राचा) शंकू 20 अंशांचा असेल तर 30 फुटांवर तो सुमारे साडेदहा फूट रुंद होतो. 9 अंशांचा पावणेपाच फूट. उतारावर रुंद शंकू तळालगतचा मासा लपवतो, तिथे अरुंद वापरा. ट्रान्सड्यूसर (लहरी सोडणारा भाग) बर्फाच्या खालच्या कडेच्या जरा खाली आणि अगदी समतल हवा. गेन, म्हणजे यंत्राची संवेदनशीलता, इतकाच, की जिगची बारीक रेघ दिसेल.

30 फुटांपेक्षा खोलातून पर्च, वॉलाय किंवा क्रॅपी काढून सोडून देऊ नका. त्यांच्या वाताशयातला वायू लगेच बाहेर पडू शकत नाही, तो फुगतो, आणि वरून ठीक दिसणारा मासा खाली जाऊन मरतो. खायला लागतील तेवढे झाले की उथळात या. उथळातला मासा सोडतानाही बर्फावर ठेवू नका. कडक थंडीत कल्ले आणि डोळे काही क्षणांत गोठतात.

हिमाच्या भाराने बर्फ दबला की छिद्रांतून पाणी वर येऊन हिमाखाली राबडी साचते. वरून दिसत नाही, स्लेज मात्र रुतते. तंबूत हीटर असेल तर वर आणि खाली असे दोन झरोके उघडे हवेत, कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. गडगडाट ऐकून घाबरू नका. तो थंडीत आकसणाऱ्या-प्रसरणाऱ्या बर्फाचा.

याच काळात रात्री बर्बट मिळतो. गोड्या पाण्यातला हा कॉड बर्फाखालीच अंडी घालतो.

शेवट: जाडी आहे, ताकद नाही

हिम वितळून छिद्रांतून पाणी खाली जातं, ऑक्सिजन परततो आणि मासे ओढ्यांच्या मुखांकडे, उथळ खाड्यांत येतात. मासेमारी पुन्हा पहिल्या बर्फासारखी रंगते, आणि धोका इथेच आहे. ऊन बर्फाचे स्फटिक एकमेकांपासून सोडवतं. 16 इंचांचा थर उभ्या मेणबत्त्यांच्या जुडीसारखा, सुट्या कांड्यांचा होतो. मोजपट्टी 16 दाखवते आणि पहार एका घावात आरपार जाते. त्यामुळे या टप्प्यात वहीत जाडीऐवजी 'पहारीचे घाव' लिहा: सकाळी किती, दुपारी किती. सकाळी पाच लागत होते आणि दुपारी दोन लागले, तर सामान आवरा. किनाऱ्याची पट्टी आधी सुटते, म्हणून जाताना फळी टाकून ओलांडलेली कड परतताना तशीच असेल असं धरू नका.

घरी आल्यावर पाती काढून, कोरडी करून, तेलाचा हात फिरवून ठेवा. दोरी रिळावरून काढून टाका. ती वेटोळ्यांच्या आकारातच कडक होते. जिगच्या कड्यांतला रंग सुईने आत्ताच मोकळा करा, पहिल्या बर्फावर बधिर बोटांनी ते होत नाही.