न दिसणाऱ्या मधल्या आतड्याचे निदान

नाशिकरोडच्या प्रेसमधून निवृत्त झाल्यावर माझे हिमोग्लोबिन वरचेवर घसरू लागले. लोहाच्या गोळ्यांनी शौच काळपट होतेच, त्यामुळे दोष गोळ्यांवर गेला आणि आतला रक्तस्राव बरेच महिने झाकलेला राहिला. गॅस्ट्रोस्कोपी व कोलोनोस्कोपी दोन्ही स्वच्छ आल्याने घरचे निश्चिंत झाले. रक्त चढवूनही हिमोग्लोबिन टिकत नव्हते, म्हणून माझे मन मात्र मानेना.

गंगापूर रोडवरील पोटविकारतज्ज्ञांनी कागदावर आकृती काढून समजावले, की तोंडावाटे घातलेली दुर्बीण ड्युओडेनमपर्यंत, म्हणजे लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागापर्यंत जाते, गुदमार्गे घातलेली फार तर लहान आतड्याच्या अगदी शेवटच्या टोकात डोकावते, आणि मधले कित्येक मीटर आतडे या दोन्ही तपासण्यांत कोणी पाहिलेलेच नसते. लहान आतड्याचा कर्करोग मुळात विरळ, त्यामुळे त्याचा संशयही उशिरा येतो.

आतडे कुठे अरुंद असेल तर कॅप्सूल अडकते, म्हणून आधी सीटी एन्टेरोग्राफी, म्हणजे लहान आतड्याचे सीटी स्कॅन झाले. मग सुमारे २६ मिलिमीटर लांबीची कॅमेऱ्याची कॅप्सूल गिळून, कमरेला रेकॉर्डरचा पट्टा बांधून मी दिवसभर घरीच वावरलो. (ती परत द्यायची नसते, हे ऐकून सौभाग्यवतींना हायसे वाटले, मात्र ती बाहेर पडेपर्यंत एमआरआय करायचा नाही, ही ताकीद महत्त्वाची.) हजारो छायाचित्रांतून जेजुनममध्ये, म्हणजे ड्युओडेनमच्या पुढच्या भागात, व्रण पडलेली एक गाठ दिसली. पण कॅप्सूल केवळ पाहते. तुकडा काढू शकत नाही, आणि तुकड्याशिवाय ही गाठ आतड्याच्या अस्तराच्या कर्करोगाची की लिम्फोमाची (लसिका पेशींच्या कर्करोगाची) की आणखी कशाची, हे ठरत नाही.

त्यासाठी डॉक्टरांनी मुंबईला डबल बलून एन्टेरोस्कोपीसाठी, म्हणजे लहान आतड्यात खोलवर जाणाऱ्या दुर्बिणीच्या तपासणीसाठी पाठवले. जपानच्या हिरोनोरी यामामोतो यांनी २००१ मध्ये मांडलेल्या या पद्धतीत दोन फुगे आळीपाळीने फुगवून, पायजम्यात नाडी ओवताना कापड चुणत जावे तसे आतडे नळीवर गोळा करत पुढे सरकतात. गाठ वरच्या भागात असल्याने तोंडावाटे जाता आले. बायोप्सी घेतली आणि शस्त्रक्रियेसाठी जवळच शाईची खूण केली.

अहवाल ॲडेनोकार्सिनोमाचा, म्हणजे आतड्याच्या अस्तरातील ग्रंथीपेशींच्या कर्करोगाचा आला. लिंच सिंड्रोमच्या (कर्करोगाचा धोका वाढवणाऱ्या आनुवंशिक दोषाच्या) शक्यतेमुळे त्याच तुकड्यावर प्रथिनांची वेगळी तपासणी सांगितली गेली आणि डॉक्टरांनी माझ्या भावंडांच्या आजारांची बारकाईने चौकशी केली. शस्त्रक्रियेच्या वेळी शाईची खूण लॅपरोस्कोपीत बाहेरूनही दिसली आणि सर्जनना नेमका भाग काढता आला.