मॉडेल लोड करणे आणि त्याला त्याचे काम देणे

कोडइग्नायटर ३ या पीएचपी फ्रेमवर्कमध्ये लोडरला मॉडेलचे (डेटाबेसचे काम करणाऱ्या क्लासचे) नाव दिले की ते त्या नावाने कंट्रोलरमध्ये (विनंती हाताळणाऱ्या क्लासमध्ये) उपलब्ध होते, आणि एकाच विनंतीत तेच मॉडेल पुन्हा मागितले तरी नवे ऑब्जेक्ट तयार होत नाही. मात्र मॉडेल लोड झाले म्हणून डेटाबेसची जोडणी आपोआप होत नाही. ती वेगळी करावी लागते, किंवा मॉडेल लोड करताना तिसऱ्या पॅरामीटरमध्ये ‘ट्रू’ द्यावे लागते. फाइलच्या नावाचे पहिले अक्षर कॅपिटल नसेल, तर विंडोजवर सुरळीत चाललेला कोड लिनक्स सर्व्हरवर मॉडेल सापडत नसल्याची तक्रार करतो.

सगळी मॉडेल्स ऑटोलोडच्या यादीत टाकणे मला पटत नाही, कारण ती प्रत्येक विनंतीला गरज नसताना लोड होतात आणि कोणता कंट्रोलर कशावर अवलंबून आहे हे वाचणाऱ्याला कळत नाही.

खरा प्रश्न मॉडेलमध्ये काय लिहावे हा आहे. ऑर्डर नोंदवताना ऑर्डरची ओळ घालणे, तिच्यातील वस्तू नोंदवणे आणि साठा कमी करणे ही तीन कामे कंट्रोलरमध्ये सुटी लिहिली आणि तिसरे फसले, तर पहिली दोन तशीच राहतात. म्हणून ती मॉडेलच्या एकाच मेथडमध्ये, एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये (सगळे होईल किंवा काहीच नाही, अशा गटात) असावीत, आणि कंट्रोलरला फक्त ऑर्डर क्रमांक किंवा अपयश कळावे.

कोडइग्नायटर ४ मध्ये मॉडेल आणून देणारे ‘मॉडेल’ नावाचे फंक्शन मुळात सामायिक, म्हणजे दर वेळी तेच, ऑब्जेक्ट देते. त्यावर अट लावून क्वेरी चालवलीच नाही, तर ती अट पुढच्या क्वेरीला चिकटू शकते.