रंग फास्ट आहे का?

गेल्या रविवारी शेजारच्या आजींनी दारातच मला गाठलं. हातात आमच्या वडगावच्या मागावरची जांभळी साडी. दिवाळीला बेळगावहून येताना मीच त्यांना आणून दिली होती. त्यांना तिचा पडदा शिवायचा होता आणि शिवण्याआधी एकदा धुऊन घ्यायची होती. त्यांनी विचारलं, "आर द कलर्स फास्ट? दे वोन्ट रन, विल दे?"

आठ वर्षं मँचेस्टरजवळ राहतेय, दिवसभर इंग्रजीत हिशेब करते, तरी तिथं मी थबकले. जो फास्ट तो पळणारच की! आणि दुसऱ्याच क्षणी आप्पांचा आवाज कानात आला, "फास्ट कलर हाय, धुऊन बघा."

आप्पा म्हणजे माझे वडील, चौथी शिकलेले. इंग्रजीचं एक वाक्य त्यांना कधी जमलं नाही, पण हे दोन शब्द ते नेमके वापरायचे. गिऱ्हाइकानं रंगावर शंका काढली की जुन्या धोतराचा पांढरा तुकडा पाण्यात बुडवून पिळायचे आणि लाल काठ जांभळ्या अंगाला भेटतो तिथं अंगठ्यानं दाबून रगडायचे. मग काही न बोलता तो तुकडा गिऱ्हाइकाच्या हातात द्यायचे. मी आजींकडून एक पांढरा टॉवेल मागून घेतला आणि तेच केलं. टॉवेल पांढराच राहिला. आजी म्हणाल्या, "दॅट्स फास्ट." मला आप्पांची इतकी आठवण आली की घरी येऊन थेट वडगावला व्हिडिओ कॉल लावला.

फोन भाचीनं घेतला. दहावीला आहे, मराठी माध्यमात. मागे दादाचे माग खडखडत होते. मी तिला विचारलं, "'द कलर इज फास्ट' म्हणजे गं काय?" तिनं न अडखळता सांगितलं, "रंग लवकर जातो."

विणकराची नात! उत्तर बरोबर उलटं. पण चूक तिची नाही, हे मी ठासून सांगते. तिनं मला तिचं गाईड दाखवलं. त्यात अनेकार्थी शब्दांची पानंच्या पानं आहेत. फास्ट: एक, जलद, दोन, उपवास. पुढे बॅट: एक, वटवाघूळ, दोन, क्रिकेटची बॅट. मग बँक, मग बार्क. या अर्थांचं एकमेकांशी नातं काय, आहे की नाही, त्यावर एक ओळ नाही. पोरांनी नुसतं पाठ करायचं आणि पेपरात ओकायचं. मीही असंच पाठ केलं होतं, म्हणून तर आजींच्या दारात थबकले. आणि ज्या अर्थाशिवाय आमच्या गल्लीतलं एक घर चालत नाही, तो रंगाचा अर्थ त्या यादीत नाहीच!

मग मी तिला बसवून सांगितलं. जुन्या इंग्रजीत फास्ट म्हणजे घट्ट, जागचं न हलणारं. रंग सुताला घट्ट बसला की फास्ट. माणूस झोपेत घट्ट रुतला की फास्ट अस्लीप. विमानात पट्टा घट्ट लावायला सांगतात ते फासन. नेम घट्ट पाळायचा तो उपास, आणि सकाळी तो मोडायचा तो ब्रेकफास्ट. घट्ट, म्हणून नेटानं. नेटानं, म्हणून जोरात. आणि तिथून जलद. गाईडात पहिला दिलेला अर्थ खरा तर नंतर आलेला.

ती जरा गप्प बसली आणि म्हणाली, "आत्या, म्हणजे आज्जी संकष्टी धरते तसं?"

धरते! आपण उपास धरतो. कापड रंग धरतं. गाडी वेग धरते. इंग्रजीनं जे तीन अर्थ एका फास्टमध्ये बांधले, ते तिन्ही आपल्या 'धर'मध्ये आधीपासून बसलेत. हे मला आठ वर्षांत सुचलं नव्हतं, पोरीला पाच मिनिटांत सुचलं.

बॅटचं मात्र वेगळं. वटवाघळाची बॅट आणि खेळायची बॅट वेगवेगळ्या शब्दांतून आल्या आणि कालांतरानं सारख्या ऐकू यायला लागल्या. तिथं नातं शोधत बसायचं नाही, सरळ पाठ करायचं. झाडाची साल आणि कुत्र्याचं भुंकणं, दोन्हींना बार्क म्हणतात, तेही तसंच. 'रन'ची गोष्ट तर फारच मोठी. ऑक्सफर्डच्या मोठ्या कोशात त्या एका क्रियापदाचे 600 हून जास्त अर्थ नोंदलेत. रंग पसरतो तेव्हा तो रन होतो, सध्या एवढं पुरे.

मराठी माध्यम म्हणून इंग्रजी कच्चं, असं कुणी म्हटलं की मला राग येतो. पुण्याची माणसं आमच्या मराठीला कानडी वळणाची म्हणतात, त्याचाही येतो. आमच्या गल्लीत 'मग' म्हटलं की मराठीत 'पुढे काय', कन्नडमध्ये मुलगा आणि न्हाणीघरात पाणी घ्यायचा मग. कोण बोलतंय ते बघून चार वर्षांचं पोर बरोबर अर्थ घेतं. खुद्द 'माग' घ्या. आम्ही मागावर बसतो, चोराचा माग काढतो, आणि आई म्हणते, "हवं ते माग." अशा पोरांना अनेकार्थी शब्द अवघड कसे जातील? माझ्या ऑफिसातल्या दोन तरुण मुलींना मी फास्ट कलर विचारलं. दोघी इथंच जन्मलेल्या, दोघींना ठाऊक नव्हतं. माझ्या आप्पांना ठाऊक होतं.

दादा मधेच म्हणाला, "तू तिकडं बसून शिकवतेस, इकडं माग कोण बघणार?" हे तो नेहमी म्हणतो. मी इकडं आले तेव्हा चारपैकी दोन माग बंद होते, आणि पुढं सुताच्या उधारीत माझे पैसेही गेलेत. पण त्या दिवशी मी वाद घातला नाही. त्यालाच विचारलं, "माळ्यावर आप्पांचा जुना धोटा आहे का?"

कारण पुढच्या रविवारचा शब्द ठरलाय, शटल. शटल म्हणजे आपला धोटाच. आडवं सूत घेऊन ताण्याच्या उभ्या सुतांतून इकडून तिकडे, तिकडून इकडे जाणारा, म्हणून दोनच ठिकाणांमध्ये ये-जा करणारी बसही शटल. जॉन केनं 1733 साली फेकता धोटा काढला, तो इथूनच जवळच्या बरी गावचा. त्या गावावरून मी कितीदा गेलेय, मनात आप्पांचा धोटा कधी आला नव्हता.

भाची शिडी लावून वर चढली. फोन खाली ठेवलेला, मला नुसतं छत दिसत होतं आणि माग ऐकू येत होता. मग तिनं धोटा फोनसमोर धरला. दोन्ही टोकांचं लोखंड झिजून चकचकीत झालेलं, पोटात कांडीवर जांभळं सूत तसंच राहिलेलं.

"आत्या, याचं सूत ओढू?"

"नको," मी म्हटलं, "आधी पांढरा कपडा ओला करून घासून बघ."