एखाद्या देशात कामगारांची खरी परिस्थिती काय आहे हे कसं शोधलं – माझा अनुभव

ऑफिसच्या कामासाठी मला एका देशातल्या कामगारांच्या परिस्थितीवर रिपोर्ट करायचा होता, तिथल्या सप्लायरकडून माल घ्यायचा की नाही हे त्यावरून ठरणार होतं. नुसतं गूगल केलं तर एकतर सरकारी कौतुक सापडतं नाहीतर आगीच्या, अपघाताच्या बातम्या, मधलं रोजचं काहीच कळत नाही. असं काम कुणाच्या वाट्याला आलं तर उपयोग व्हावा म्हणून लिहितोय.

सुरुवात आयएलओच्या (आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या) नॉर्मलेक्स डेटाबेसपासून करा, फुकट आहे. देश निवडला की त्याने कुठले करार स्वीकारलेत ते दिसतं. मूलभूत म्हणतात ते करार आता १० आहेत, कामाच्या जागची सुरक्षा आणि आरोग्याचे दोन २०२२ मध्ये त्यात आले. पण नुसत्या या यादीवरून मत बनवायचं नाही. बालमजुरीच्या सगळ्यात वाईट प्रकारांविरुद्धचा १८२ नंबरचा करार २०२० मध्येच सगळ्या १८७ सदस्य देशांनी स्वीकारून झाला, आणि तरी आयएलओ-युनिसेफच्या अंदाजाने २०२४ मध्ये १३.८ कोटी मुलं बालमजुरीत होती. उलट अमेरिकेने त्या १० पैकी दोनच स्वीकारलेत.

खरं वाचण्यासारखं आहे ते त्याच साइटवर आयएलओच्या तज्ज्ञ समितीचे शेरे, देश स्वीकारलेले करार पाळतात का हे ही समिती बघते. मी ८१ नंबरचा करार घेतला, कामगार तपासणीचा, १९४७ चा, आणि त्या देशावरचे शेरे जुन्यापासून नव्यापर्यंत ओळीने वाचत गेलो. या करारात दरवर्षी तपासणीचा रिपोर्ट छापायचा असतो, इन्स्पेक्टर किती, कितीदा तपासणी केली, नियम किती ठिकाणी मोडले, दंड काय झाला, अपघात किती, सगळं. तर समिती दर वेळी हेच आकडे मागतेय आणि सरकार दर वेळी सांगतंय की नवीन कायदा येतोय, माहिती जमवणं चालू आहे! समितीची भाषा मवाळ असते, "खेदाने नोंद घेते" एवढंच म्हणते, पण ते दिसलं की प्रकरण गंभीर आहे असं समजायचं. माझ्या रिपोर्टचा निम्मा भाग या शेऱ्यांवरच उभा राहिला.

आकड्यांसाठी आयलोस्टॅट आहे, आयएलओचीच आकडेवारीची साइट. तिथे कामाचे तास, पगार, अपघात असं बरंच मिळतं, फक्त अपघात कमी दिसले म्हणून खूश होऊ नका, जिथे नोंदच होत नाही तिथे आकडा कमीच येणार. म्हणून मी आधी इन्स्पेक्टर किती ते बघतो, आयएलओचा ढोबळ मापदंड विकसित देशात १०,००० कामगारांमागे एक आणि सगळ्यात गरीब देशात ४०,००० मागे एक असा आहे.

आयटीयूसीचा (युनियनच्या आंतरराष्ट्रीय महासंघाचा) ग्लोबल राइट्स इंडेक्स पण बघून घ्या, १ ते ५ रेटिंग असतं, पण तो युनियनच्या हक्कांबद्दल आहे, त्यावरून पगाराचा अंदाज बांधू नका. बालमजुरी आणि वेठबिगारीसाठी अमेरिकेच्या कामगार खात्याची यादी चांगली आहे, कुठल्या देशातला कुठला माल ते सरळ लिहिलेलं असतं.

सप्लायरने दाखवलेल्या सर्टिफिकेटचं काय, हा प्रश्न मला सगळ्यांनी विचारला. कराचीत २०१२ च्या सप्टेंबरमध्ये अली एंटरप्रायझेसच्या कारखान्यात आग लागून २५० च्या वर माणसं गेली, आणि त्या कारखान्याला काही आठवड्यांपूर्वीच एसए ८००० हे कामगारांना नीट वागवलं जातं असं सांगणारं सर्टिफिकेट मिळालेलं होतं. हे मी रिपोर्टमध्ये पहिल्याच पानावर टाकलं.

शेवटी तिथल्या युनियनमधल्या एका ताईंशी व्हिडिओ कॉलवर बोललो, त्यांचा पत्ता युनियनच्या आंतरराष्ट्रीय महासंघाकडून मिळाला. त्यांनी सांगितलं की इन्स्पेक्टर यायच्या आदल्या दिवशीच कारखान्यात साफसफाई सुरू होते आणि बंद दारांची कुलपं निघतात. ८१ नंबरच्या करारात तर इन्स्पेक्टरला आधी न कळवता, दिवसा-रात्री कधीही आत जायचा हक्क दिलाय! मग त्या म्हणाल्या, "तुम्ही पगाराची स्लिप मागा, त्यात ओव्हरटाइम वेगळा दाखवलाय का आणि कुठल्या दराने ते बघा." तेच मी सप्लायरकडे मागितलं, कोरा नमुना नको, मागच्या तीन महिन्यांच्या खऱ्या स्लिपा हव्यात, नावं झाकून दिल्या तरी चालतील. त्या येईपर्यंत रिपोर्टवर "निर्णय बाकी" असंच लिहून ठेवलंय.