दुखतंय पोटरीत, मग कंबर का बघता?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. फिजिओथेरपीच्या टेबलावर पालथं झोपलं की पाचातले तीन जण मान वळवून म्हणतात, "मॅडम, कंबरेला काही झालेलं नाही, पोटरी दुखतेय." म्हणण्यात तथ्य आहे. पैसे पोटरीचे मोजायचे आणि दाबून बघायची कंबर, हे कुणाला पटेल?

आधी एक करून बघा. कोपर वाकवा. आतल्या बाजूला टोकदार हाड लागतं, त्याच्या मागच्या खोबणीत बोट आडवं फिरवा. दोरीसारखं काहीतरी बोटाखालून निसटेल. ती अल्नर नर्व्ह. जरा जोरात दाबली तर झिणझिण्या येतील त्या करंगळीत आणि तिच्या शेजारच्या बोटात. करंगळीला कुणी हातसुद्धा लावलेला नाही! नस वाटेत कुठे दाबली गेली, हे मेंदूला नेमकं उमगत नाही. ती ज्या भागाचे निरोप आणते, त्याच भागाच्या नावावर तो दुखणं मांडून मोकळा होतो. म्हणून तर पाय कापावा लागलेल्या माणसाला नसलेला पाय दुखतो. अमेरिकेच्या यादवी युद्धातल्या जखमी सैनिकांवर उपचार करणाऱ्या सायलस विअर मिचेल या डॉक्टरांनी अशा दुखण्याबद्दल १८७१ साली लिहून ठेवलंय.

आता तुमची पोटरी. पाठीच्या कण्यातून नसांच्या ३१ जोड्या बाहेर पडतात. त्यांतली कंबरेच्या शेवटच्या दोन मणक्यांखालची दोन मुळं आणि त्याखालच्या तिकोनी हाडातून येणारी तीन, अशी पाच मुळं एकत्र येऊन सायटिक नर्व्ह बनते. शरीरातली सर्वांत जाड नस, जवळजवळ बोटाएवढी. कुल्ल्याच्या स्नायूंखालून मांडीच्या मागे उतरते, बहुतेकांत गुडघ्याच्या जरा वर दुभंगते आणि तळपायापर्यंत जाते. मणक्यांमधल्या गादीला बाहेरून चिवट कडी असते, आत मऊ गर. कडी फाटून गर मागे आला की तो नेमका या मुळांपैकी एखाद्याला टेकतो, तिथे सूज येते, आणि कळ मारते पोटरीत. सायटिकाचं, म्हणजे या नसेच्या वाटेवर उतरणाऱ्या दुखण्याचं, कारण असं गादीत असू शकतं, हे बोस्टनच्या मिक्स्टर आणि बार या डॉक्टरांनी १९३४ मध्ये मांडलं. तोवर असा बाहेर आलेला तुकडा ऑपरेशनमध्ये सापडला तर बरेचदा गाठ समजली जाई.

कुठलं मूळ, हे मात्र मी पावलावरच शोधते. अंगठा वर ताणा म्हणते आणि बोटाने खाली दाबते. तो ढिला पडला तर संशय कंबरेच्या पाचव्या मुळावर. चवड्यावर चालता येत नसेल, पावलाची बाहेरची कड बधिर असेल, टाचेमागच्या शिरेवर हातोडी मारूनही पाऊल हलत नसेल, तर त्याच्या खालच्या मुळावर. एवढं झाल्यावर मगच एमआरआयचा रिपोर्ट. फुगलेल्या गाद्या ठणठणीत माणसांच्या एमआरआयमध्येही दिसतात, त्यामुळे नुसता कागद पुढे केलात तर मी तो बाजूला ठेवते. राग मानू नका. आणि "नस मोकळी करून देतो" म्हणत पाठीवर गुडघा रोवणाऱ्यांकडे तर जाऊच नका. बहुतेकांचं दुखणं काही आठवड्यांत ऑपरेशनशिवाय कमी होतं. बाहेर आलेला गर बरेचदा आपोआप आक्रसतो.

दर वेळी दोष कंबरेचाच असतो असंही नाही. गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला, जरा खाली, नसेचा एक फाटा हाडाला वळसा घालून अगदी कातडीखालून जातो. तासन् तास उकिडवं बसून खुरपणी करणाऱ्यांची ती नस तिथे दबते, पाऊल लुळं पडतं, चालताना चवडा जमिनीला घासतो. अशा वेळी आपण गुडघ्यापाशीच बघायचं.

एका बाबतीत मात्र माझ्याकडे येऊच नका. मज्जारज्जू कंबरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्यापाशी संपतो, त्याखाली नुसता मुळांचा झुपका. मोठा गर त्या अख्ख्या झुपक्यावर आला तर लघवी अडते किंवा झालेली कळत नाही, आणि सायकलच्या सीटला टेकतो तेवढा भाग बधिर होतो. असं झालं तर सकाळची वाट न बघता, रात्रीचे दोन वाजले असले तरी, मणक्याचं ऑपरेशन होऊ शकेल असं हॉस्पिटल गाठा.