चुकीच्या स्थानकावर उतरलो, ते बरं झालं

मेडेयीनच्या मेट्रोतून आसेवेदोला उतरलो तेव्हा सकाळचे साडेसात वाजले होते आणि सगळी गर्दी माझ्या अंगावर चालून येत होती. डोंगरावरून कामाला निघालेली माणसं. वर जाणारा मी जवळपास एकटाच. रोपवेचे पाळणे वरून खच्चून भरून येत होते आणि रिकामे परत चढत होते. दहा जणांच्या पाळण्यात आम्ही दोघंच: मी, आणि रात्रपाळी करून परतणाऱ्या एक बाई. बसल्या बसल्या त्यांनी डोळे मिटले.

कोलंबियातलं हे शहर अबुर्राच्या अरुंद खोऱ्यात वसलंय. मधून नदी, नदीकाठाने १९९५ पासून मेट्रो, आणि दोन्ही अंगांना उभे डोंगर. खेड्यांतून आलेल्या, त्यातही हिंसाचारामुळे गाव सोडावं लागलेल्या माणसांना सपाटीवर कुठली जागा मिळायला? ती चढावर घरं बांधत वर वर सरकत गेली. पाळण्यातून खाली बघताना ते सगळं दिसतं. लाल विटांची, गिलावा न केलेली घरं, पत्रे उडू नयेत म्हणून वर ठेवलेले दगड, आणि पुढेमागे आणखी एक मजला चढवू या आशेवर तशाच सोडलेल्या सळया.

या वस्तीवर २००४ मध्ये मेट्रोला जोडून रोपवे सुरू झाला. लाइन के. जेमतेम दोन किलोमीटर, चार स्थानकं, सुमारे चारशे मीटरचा चढ. रोपवे म्हटला की आपल्याला सहल आठवते, कठड्याला टेकून काढलेले फोटो आठवतात. इथे फोटो काढणारा मी एकटाच होतो, आणि जरा ओशाळल्यासारखंही झालं.

मला शेवटच्या सांतो दोमिंगोला जायचं होतं. पण पाळणा स्थानकात पुरता थांबत नाही, मुंगीच्या पावलांनी सरकत राहतो. दार उघडलं, बाईंनी बरोबर त्याच क्षणी डोळे उघडले आणि त्या उतरल्या. त्यांच्यामागे मीही घाईघाईने उतरलो. स्थानक होतं आंदालुसिया, म्हणजे पहिलंच!

या चुकीमुळे मला तारेखालचा रस्ता दिसला. डोक्यावरून पाळणे निःशब्द सरकताहेत आणि खाली रुंद पदपथ, झाडं, बसायला बाक. थोडं पुढे एक ओहोळ आणि त्यावर पादचारी पूल. पलीकडची वस्ती ला फ्रान्सिया. एकेकाळी हा ओहोळ म्हणजे टोळ्यांची हद्द होती, अलीकडच्यांनी पलीकडे जायचं नाही. मी पोचलो तेव्हा दोन शाळकरी मुली पुलाच्या मधोमध थांबून एकीच्या वहीतून दुसरीच्या वहीत काहीतरी उतरवून घेत होत्या. बहुधा गृहपाठ. मला विचाराल तर रोपवेपेक्षा ही मोठी गोष्ट आहे.

हा पूल तारेबरोबर आपोआप आला नाही. तार एका महापौराच्या काळात ठरली आणि भोवतालचं काम दुसऱ्याने केलं. लुईस पेरेस यांच्या कारकिर्दीत रोपवेचं काम हाती घेतलं गेलं. २००४ ते २००७ या काळात महापौर असलेले सेर्हियो फाहार्दो हे मूळचे गणितज्ञ. त्यांनी स्थानकांभोवती रस्ते, पूल, बागा, ग्रंथालय असं सगळं एकत्र आखून घेतलं. आधीच्याचं काम नंतरच्याने अडगळीत टाकलं नाही, हेच मला नवलाचं वाटतं. शहराला आणखी एक आधार आहे: वीज आणि पाणी पुरवणारी कंपनी शहराच्याच मालकीची आहे आणि तिच्या नफ्यातला मोठा वाटा महापालिकेकडे येतो.

रोपवे आल्यानंतर इथले खून घटले. संशोधकांनी २००३ ते २००८ या काळात अशा वस्त्यांची तुलना रोपवे नसलेल्या तशाच वस्त्यांशी केली, तेव्हा खुनांच्या प्रमाणातली घट इथे ६६ टक्क्यांनी जास्त निघाली. ते श्रेय नुसत्या तारेला द्यायला मी तयार नाही. पूल आणि रस्ताही त्याच काळातले.

पुढचा पाळणा पकडून सांतो दोमिंगोला पोचलो. २००७ मध्ये उघडलेलं, काळ्या शिळांसारखं दिसणारं ते प्रसिद्ध ग्रंथालय पत्र्याच्या कुंपणाआड होतं. बांधकामातल्या दोषांमुळे २०१५ मध्ये ते बंद करावं लागलं आणि दुरुस्ती वर्षानुवर्षं रेंगाळली. मासिकांतून ज्याचे फोटो छापून आले ते बंद, आणि ज्याचा फोटो कुणी काढत नाही तो पूल चालू.

स्थानकापासूनही वर पायऱ्या आहेतच. शंभरेक चढलो आणि गुडघ्यांनी सांगितलं, पुरे. खांद्यावर सिमेंटची गोणी घेतलेला एक जण न थांबता माझ्या बाजूने निघून गेला. रोपवे माणसांना वर आणतो; घरापर्यंतचा शेवटचा चढ ज्याचा त्यालाच चढावा लागतो.

संध्याकाळी उतरताना पुन्हा रिकामा पाळणा वाट्याला आला. समोरून येणारे सगळे भरलेले, आणि खाली आसेवेदोला रांग जिन्यापर्यंत आलेली. या तारेवरून एका दिशेला तासाला साधारण तीन हजार माणसं जातात, त्याहून जास्त नाही. कामधंदा अजून सगळा खालीच आहे. त्या रांगेत पांढरे बूट घातलेल्या, कामावरून परतणाऱ्या चारपाच जणी उभ्या होत्या. सकाळच्या बाई त्यांत नव्हत्या. त्यांची पाळी सुरू व्हायची वेळ झाली असणार.