वाकण्याची वाटणी

आषाढात वेंगुर्ल्याजवळच्या आमच्या घरी गेलो की पडवीतूनच मळ्यातली भातलावणी दिसते. साठी ओलांडलेली माझी काकी डोक्यावर इरले घेऊन, पाय चिखलात रोवून, गुडघे जवळजवळ सरळ आणि पाठ पाटासारखी सपाट ठेवून खुब्यातून वाकते आणि तरवा, म्हणजे भाताची रोपे, खोचत मागे मागे सरकत जाते. मी मात्र पडलेली चप्पल उचलतानाही पाठीची कमान करतो.

गेल्या वर्षी कंबर धरली, तेव्हा फिजिओथेरपिस्ट बाईंनी मला उताणे निजवले आणि गुडघा सरळ ठेवून उजवा पाय वर उचलला. तो ८०-९० अंशांपर्यंत जावा अशी अपेक्षा असते. माझा ५० वरच अडला आणि गुडघा मला न विचारताच दुमडला. कळ पोटरीखाली विजेसारखी उतरली असती, तर शिरेवर दाब असल्याची शंका आली असती. माझा ताण मांडीच्या मागे, गुडघ्याच्या लवणीपर्यंतच होता.

तिथे असतात हॅमस्ट्रिंग, म्हणजे बैठकीच्या हाडापासून निघून गुडघ्याखाली जाऊन चिकटणारे तीन स्नायू. आपण वाकतो तेव्हा ओटीपोटाचा सांगाडा पुढे कलतो आणि कंबरेचे मणकेही थोडे वाकतात. पण हे स्नायू आखडले असतील तर ते त्या सांगाड्याला मागून धरून ठेवतात आणि त्याच्या वाट्याचे वाकणे मणक्यांना करावे लागते. माझ्या वीस वर्षांच्या खुर्चीने हे केले, असे मी ठरवूनही टाकले होते. बाईंनी मात्र सावध केले, की दुखऱ्या कंबरेला जपण्यासाठीही हे स्नायू आवळून राहतात, त्यामुळे आधी कोण आखडले हे सांगणे अवघड असते. शिवाय एवढी लवचीक काकीही लावणीच्या दिवसांत रात्री कंबरेला तेल लावून घेतेच.

तरीही मी रोज पडवीत चटईवर निजून, पावलाला पंचा अडकवून पाय वर ओढतो आणि तीस आकडे मोजतो. काल पाय ६५ अंशांपर्यंत गेला असावा. काकी दारात उभी राहून बराच वेळ पाहत होती. शेवटी म्हणाली, "इतक्या करतस, तर फाल्या तरवो काढूक ये."